साम्यभेदाच्या तक्त्यातून चित्रपटाला बाहेर काढा : मराठी अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यासमंडळांचे अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

साहित्यकृतीचे माध्यमांतर हा घटक मराठीच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता बऱ्यापैकी रुळला आहे. तो आणण्यासाठी ज्यांनी मंडळांच्या बैठकींत आग्रह धरला, त्यांचे ऋण मान्य करूनच हे पत्र लिहितो आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवले, चित्रपट मंडळाच्या कामातही रमलो आणि निवृत्तीनंतर या विषयाच्या उत्तरपत्रिका, प्रकल्प आणि मार्गदर्शिका अधिक निवांतपणे वाचू लागलो. त्या वाचनातून एक गोष्ट मनाला फार लागली आहे. हा घटक शिकवला जातो तो जवळजवळ एकाच प्रश्नाच्या आधाराने : ‘कादंबरी आणि तिच्यावरील चित्रपट यांतील साम्यभेद स्पष्ट करा.’ विद्यार्थी कागदावर उभी रेघ मारतो, डावीकडे कादंबरीतले प्रसंग लिहितो, उजवीकडे चित्रपटातले. कोणते पात्र गाळले, कोणता प्रसंग पुढेमागे केला, शेवट कसा बदलला याची नोंद करतो आणि शेवटच्या परिच्छेदात ‘तरीही मूळ कादंबरीचा प्रत्यय चित्रपटातून येत नाही’ असे लिहून मोकळा होतो. त्याने चित्रपट पाहिला आहे की नाही, हे या उत्तरावरून कळायला मार्ग नसतो. मार्गदर्शिकेतल्या चार पानांवर तो उत्तम गुण मिळवू शकतो.

माझी आपणांस विनंती अशी की, हा प्रश्न अभ्यासक्रमातून काढून टाकावा आणि साहित्यावर आधारलेला चित्रपट हे त्या साहित्यकृतीचे एक जबाबदार वाचन आहे, या भूमिकेतून तो शिकवावा. दिग्दर्शक आणि पटकथाकार हे त्या कादंबरीचे समीक्षकच असतात. फरक इतकाच की, आपण परीक्षण लिहितो आणि ते माणसे, आवाज, उजेड आणि वेळ यांच्या साहाय्याने आपले म्हणणे मांडतात. समीक्षकाने कादंबरीचे प्रत्येक पान पुन्हा सांगावे अशी अपेक्षा आपण कधी धरत नाही. मग चित्रपटाकडूनच ती का धरावी?

पहिले उदाहरण ‘कुंकू’चे घेतो, कारण ते आपल्याकडे फारसे शिकवले जात नाही आणि शिकवले जावे असे त्यात पुष्कळ आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली हा चित्रपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि पटकथा खुद्द आपट्यांची. म्हणजे येथे लेखकाचा विश्वासघात झाला, ही नेहमीची तक्रार मुळातच संभवत नाही. जरठकुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी लावलेल्या तरुण मुलीच्या लग्नाचा, प्रश्न मराठीला नवा नव्हता. ‘शारदा’ नाटकापासून तो रंगभूमीवर गाजत आला होता. मात्र नाटकातल्या मुलीची बाजू इतरांनी मांडली होती, तर ‘कुंकू’मधली शांता आपटे यांची नीरा लग्न लागल्यावरही त्या लग्नाला संमती देत नाही आणि त्या घरात राहून रोज, प्रत्येक प्रसंगात नकार देत राहते. हा नकार कादंबरीत शब्दांनी सांगता येतो. चित्रपटाने तो कशाने सांगितला, हे विद्यार्थ्यांना वर्गात दाखवण्यासारखे आहे. या चित्रपटाला वेगळे पार्श्वसंगीत नाही. केशवराव भोळे यांच्यासारखा समर्थ संगीतकार हाताशी असताना हा निर्णय घेतला गेला. गाणे येते ते पात्राच्या तोंडून किंवा ग्रामोफोनवरून. एरवी ऐकू येतात ते घरातले आवाज, आणि त्यांत नीरेच्या वृद्ध नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या, घरातल्या जुन्या घड्याळाचा आवाज सतत असतो. केशवराव दाते यांचे काकासाहेब खलनायक नाहीत. स्वतःच्या वयाची जाणीव हळूहळू पोचत गेलेला तो एक माणूस आहे, आणि ती जाणीव संवादांपेक्षा त्या घड्याळाने आणि आरशाने अधिक पोचवली आहे. शेवटी ते स्वतःचा जीव देतात तेव्हा प्रेक्षकाला नीरेच्या सुटकेचा निर्भेळ आनंद होत नाही, आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची सर्वांत धीट जागा आहे.

आता या चित्रपटावर साम्यभेदाचा प्रश्न विचारून पाहा. घड्याळ कोणत्या रकान्यात लिहायचे? पार्श्वसंगीत नसणे हा कादंबरीशी साम्य आहे की भेद? जे खरे काम या चित्रपटाने केले आहे, ते त्या तक्त्यात मावतच नाही. त्याच चित्रपटात काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. संततिनियमनाच्या प्रचारासाठी पुढे आयुष्य वेचणारी ही विदुषी त्या पडद्यावर उभी राहते तेव्हा १९३७ सालच्या प्रेक्षकाला तिच्या तोंडचे शब्द पात्राचे वाटले असतील की तिचे स्वतःचे, हा प्रश्न एखाद्या हुशार विद्यार्थिनीला संशोधनासाठी पुरेसा आहे.

‘श्यामची आई’ मात्र सगळीकडे शिकवली जाते, आणि तीच सर्वांत कमी नीट पाहिली जाते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मोठा झालेला श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो अशी त्याची रचना आहे. सांगणाऱ्याचा गहिवर हा त्या पुस्तकाचा प्राण आहे. गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५३ साली, आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. हे सुवर्णपदक प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते. जे नसते ते असे की, गुरुजी आणि अत्रे यांच्या प्रकृतींमध्ये दोन ध्रुवांचे अंतर होते. एक हळवा, स्वतःला मिटवून टाकणारा. दुसरा वक्ता, विनोदकार, झुंजार संपादक, आणि अनेक वर्षे पुण्यात शाळेचा मुख्याध्यापक राहिलेला. ‘छडी लागे छम छम’ हे गाणे या मुख्याध्यापकाचे आहे. पुस्तकातल्या करुण सुरात ते कुठेच बसले नसते, आणि तरीही चित्रपटाला त्याची गरज होती, कारण ते गाणे श्यामला आईच्या सावलीतून काढून चारचौघा मुलांमध्ये नेऊन बसवते. मुलगा आधी मूल म्हणून दिसला पाहिजे, मग त्याच्यावरचे संस्कार दिसतील, ही अत्र्यांची समजूत शिक्षकाची समजूत होती.

याच चित्रपटातला तळपायांचा प्रसंग घ्या. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आई आपले लुगडे दगडावर पसरते, तो त्यावर पाय ठेवतो आणि मग ती त्याला मनालाही घाण लागू देऊ नकोस, असे सांगते. पुस्तक वाचताना आपले लक्ष आईच्या शेवटच्या वाक्यावर असते, कारण गुरुजींनी ते वाक्यच मनात ठेवायला दिले आहे. पडद्यावर वनमालाबाई हे वाक्य बोलण्याआधी आपण ते लुगडे पाहिलेले असते. ज्या घरात नवे लुगडे सहज येत नाही, त्या घरातल्या बाईने आपले नेसूचे वस्त्र मुलाच्या पायाखाली पसरलेले असते. शिकवण मुलाला मिळते आणि तिची किंमत कोणी मोजली ते आपल्याला दिसते. हे चित्रपटाने पुस्तकात घुसडलेले नाही, ते तिथे होतेच. पण शब्दांच्या मागे होते. विद्यार्थ्याला हे एकदा दाखवले की तो पुस्तकाकडे परत जाऊन ते पान वेगळे वाचतो. मला वाटते, माध्यमांतराच्या अध्यापनाचे सारे प्रयोजन यात आले. सुजय डहाके यांनी २०२३ साली हेच पुस्तक पुन्हा, कृष्णधवल रूपात, पडद्यावर आणले. तेव्हा सत्तर वर्षांच्या अंतराने झालेली एकाच पुस्तकाची दोन वाचने आज आपल्या हाताशी आहेत. दुसऱ्या कोणत्या मराठी पुस्तकाच्या बाबतीत शिक्षकाला इतकी सोयीची सामग्री मिळेल?

‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ हे जब्बार पटेल यांचे तीन चित्रपट, तिन्ही साहित्यावर आधारलेले आणि तीन अगदी वेगळ्या रीतींचे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतले ठाकर आदिवासींचे जग ‘जैत रे जैत’ने १९७७ साली मुख्यतः गाण्यांतून उभे केले. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत तिथे कथानक थांबवून येत नाही. नाग्याचा मधमाश्यांशी मांडलेला दावा आणि चिंधीचे त्याच्यासाठी झोकून देणे ही गोष्टच गाणी पुढे नेतात. गोनीदांच्या गद्याला जी बोलीची लय आहे, तिला चित्रपटाने गद्य संवादांत शोधण्याऐवजी गाण्यात शोधले. हा निर्णय पटो वा न पटो, त्यावर वर्गात वाद झाला पाहिजे. महानोर मराठवाड्यातल्या अजिंठ्याच्या परिसरातले, ठाकर कर्नाळ्याच्या बाजूचे. एका मातीतल्या कवीने दुसऱ्या मातीतल्या माणसांना गाणे दिले तेव्हा काय कमावले आणि काय सुटले, हा प्रश्न कोणत्याही साम्यभेदापेक्षा अधिक मराठी आहे.

‘सिंहासन’च्या बाबतीत तर साम्यभेदाचा प्रश्न विचारताच येत नाही, कारण १९७९ सालचा हा चित्रपट अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. विजय तेंडुलकरांनी दोन्हींचे धागे एकत्र विणले आणि मंत्रालयापासून कामगार पुढाऱ्याच्या खोलीपर्यंत आपल्याला नेण्यासाठी दिगू टिपणीस या पत्रकाराला हाताशी धरले. ती भूमिका निळू फुल्यांना देणे हेही वाचनच होते. तमाशापटांतला बेरकी पाटील म्हणून ज्या चेहऱ्याला प्रेक्षक ओळखत होता, तोच चेहरा येथे सगळे पाहणाऱ्या आणि काहीही बदलू न शकणाऱ्या माणसाचा झाला. शेवटचे त्याचे हसणे हे साधूंच्या राजकीय निदानाला तेंडुलकर आणि पटेल यांनी दिलेले उत्तर आहे. या चित्रपटाची पटकथा आणि दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून एक सत्र शिकवले, तर विद्यार्थ्याला कथनमीमांसेची वेगळी व्याख्याने द्यावी लागणार नाहीत.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’चे दुःख वेगळे आहे. १९८२ साली तिच्यावरून ‘उंबरठा’ झाला, स्मिता पाटील यांची सुलभा महाजन महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली, ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ अजूनही गायले जाते. आणि कादंबरी मात्र मागे पडली. चित्रपटावर निबंध लिहिणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी मूळ पुस्तक हातात धरले असेल, याचा अंदाज करवत नाही. मूळ कादंबरी श्रेष्ठ असे लिहायला लावणारा अभ्यासक्रम ती कादंबरी वाचायला लावत नाही, ही विसंगती मंडळांनी मनावर घ्यावी. सुधारगृहाच्या अधीक्षिकेची ही कथा एका स्त्रीने लिहिली आणि पुरुषांनी तिची पटकथा व दिग्दर्शन केले, याचाही विचार व्हायला हवा. तो करायचा तर दोन्ही कृती समोर हव्यात.

अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यांची ‘फकिरा’ आज अनेक अभ्यासक्रमांत आहे, आणि ती असायलाच हवी होती, खूप आधीपासून. पण त्यांच्या कथानकांवरून जितके मराठी चित्रपट निघाले, तितके फार थोड्या मराठी लेखकांच्या वाट्याला आले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपलीकडे जात नाही. ‘वैजयंता’ १९६१ साली आला, ‘फकिरा’ १९६३ साली. पुढे ‘आवडी’वरून ‘टिळा लावते मी रक्ताचा’, ‘माकडीचा माळ’वरून ‘डोंगरची मैना’, ‘चिखलातील कमळ’वरून ‘मुरळी मल्हारीरायाची’ असे चित्रपट झाले. ही नावे एकापाठोपाठ मोठ्याने वाचून पाहावीत. कादंबऱ्यांची नावे माणसाच्या जगण्याची आणि वस्तीची आहेत; चित्रपटांची नावे तमाशाच्या फडाची आणि जत्रेची आहेत. मराठी चित्रपटव्यवसायाने दलित, भटक्या आणि ग्रामीण कष्टकऱ्यांच्या लेखकाला कसे वाचले, त्याच्यातला कोणता रंग उचलला आणि त्याची कोणती धार बोथट केली, हे या नामांतरांतूनच दिसू लागते. यांतले बहुतेक चित्रपट ज्या काळात आले, त्याच काळात, १९६९ साली, अण्णा भाऊ गोरेगावच्या सिद्धार्थनगरात हलाखीत वारले. माध्यमांतराच्या घटकात अभिजात म्हणून गौरवलेल्या चार चित्रपटांबरोबर हे चित्रपट यायला हवेत. ते उत्तम आहेत म्हणून नव्हे, तर एका मोठ्या लेखकाचे आपण सामूहिकरीत्या काय केले याचे ते पुरावे आहेत म्हणून.

याउलट टोकाला ‘बनगरवाडी’ आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी एका तरुण मास्तराच्या तोंडून सांगितलेली आहे. चाळीस वर्षांनी अमोल पालेकरांनी ती पडद्यावर आणली. माडगूळकर स्वतः चित्रकार होते आणि चित्रपटांसाठीही त्यांनी भरपूर लेखन केले होते. त्यांचे छोटे वाक्य आधीच डोळ्यांनी लिहिलेले असते. त्यामुळे या कादंबरीवर चित्रपट करणे सोपे, असे पुष्कळांना वाटते. पण वाचताना मास्तर आपल्याला बाहेरून कधीच दिसत नाही. आपण त्याच्या डोळ्यांनी माण देश पाहतो, कारभारी आणि आनंदा रामोशी पाहतो. चित्रपटात तो इतरांसारखाच एक माणूस होऊन त्या उघड्या माळावर उभा राहतो आणि आपल्याला प्रथमच कळते की, वाडीतल्या धनगरांना हा पोर कसा दिसला असेल. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची ही अदलाबदल कादंबरीच्या निवेदनाबद्दल जे शिकवते, ते निवेदनतंत्रावरच्या टिपणांनी साधत नाही. हे वर्गात केवळ दोन-तीन दृश्ये आणि तेवढीच पाने घेऊन करता येते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. वर मी जे काही लिहिले आहे ते चित्रपट दाखवल्याशिवाय अशक्य आहे. कविता न वाचता कविता शिकवता येत नाही, हे आपण सगळे मानतो; चित्रपटाच्या बाबतीत मात्र कथासार पुरते असे समजून चालतो. अनेक महाविद्यालयांत माध्यमांतराच्या तासाला फळा आणि खडू यांपलीकडे काही नसते, आणि जिथे प्रक्षेपक असतो तिथेही वेळापत्रक पन्नास मिनिटांच्या तासांचे असते. अभ्यासक्रमाच्या मसुद्यातच पूर्ण चित्रपट दाखवण्यासाठी सलग वेळ आणि त्याला श्रेयांक राखून ठेवले, तर प्राचार्यांना तो देणे भाग पडेल. केवळ शिफारस म्हणून लिहिलेली गोष्ट कोणी करत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

दुसरी अडचण प्रतींची. जुन्या मराठी चित्रपटांच्या चांगल्या प्रती सहज मिळत नाहीत. इंटरनेटवर जे सापडते त्यांतले पुष्कळसे अंधूक, कापलेले, ध्वनी विरलेला असे असते. ‘कुंकू’मधल्या शांततेचा मुद्दा अशा प्रतीवरून कसा शिकवणार? राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने ते उभे केले, आणि तरीही त्याचे दार ठोठावणारे मराठीचे विभाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात, पूर्वीच्या प्रभातच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा जळाला. त्याच्याही आधी आपण किती गमावले होते! बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ सालचा मूकपट नारायण हरी आपटे यांच्याच कथेवर होता, व्ही. शांताराम त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते, आणि आज तो मूकपट उपलब्ध नाही. पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांवर आपल्याला त्याची कल्पना करावी लागते. जे उरले आहे त्याला मागणी असेल, तर ते जपण्याचा आग्रहही धरता येतो. सर्व विद्यापीठांच्या मराठी विभागांनी मिळून संग्रहालयाकडे आणि हक्कधारक संस्थांकडे शैक्षणिक वापरासाठी एकत्र मागणी केली, तर तिला वजन येईल. एकेकट्या महाविद्यालयाचे पत्र फायलीत राहते.

तिसरी गोष्ट पटकथांची. तेंडुलकरांसारख्या लेखकाची पटकथा ही साहित्यच आहे, पण अभ्यासक्रमात ती संदर्भग्रंथांच्या यादीतसुद्धा क्वचित दिसते. नाटकाची संहिता आपण पाठ्यपुस्तक म्हणून लावतो. मग कादंबरी, तिची पटकथा आणि चित्रपट हे तिन्ही एकत्र का लावू नयेत? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ सालचे, आणि सत्यदेव दुबे यांनी त्यावर केलेला चित्रपट १९७१ चा. नाटक शिकवणाऱ्या प्रत्येक विभागाला हा चित्रपट वाट दाखवू शकेल, कारण लीला बेणारेच्या शेवटच्या स्वगताकडे रंगमंचावरून पाहणे आणि कॅमेऱ्याच्या अंतरावरून पाहणे यांत फार फरक पडतो.

अध्यापकांच्या तयारीचा प्रश्न निघेल, हे मी जाणतो. मराठीच्या प्राध्यापकाला चित्रपटाची परिभाषा येत नाही, असे सांगितले जाते. त्याला कॅमेऱ्याच्या भिंगांची नावे ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. त्याला वाचता येते, आणि काय दाखवले, किती वेळ दाखवले, कोणाच्या बाजूने दाखवले आणि काय दाखवायचे टाळले हे विचारण्याची सवय त्याला कवितेने लावलेली असते. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय दोन्ही आहेत. त्यांच्या सहकार्याने उन्हाळ्याच्या सुटीत अध्यापकांसाठी आठवडाभराचे वर्ग घेता येतील. हे अवघड नाही, फक्त कोणी तरी ठरवायला हवे.

आपल्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवावा, एवढेच मागणे आहे. सगळे एकदम होणार नाही, याची मला कल्पना आहे. तूर्त प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न बदलला तरी चालेल. साम्यभेदाऐवजी असे विचारावे : ‘चित्रपटातील कोणतेही एक दृश्य निवडा, त्या दृश्यामुळे मूळ साहित्यकृतीतील कोणते पान तुम्ही वेगळे वाचले, ते सविस्तर लिहा.’ या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेत छापता येणार नाही, आणि तो सोडवण्यासाठी विद्यार्थ्याला पुस्तक उघडावे लागेल आणि चित्रपटही पाहावा लागेल.

कळावे,

आपला नम्र,
मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक